कोणत्या क्षणाची प्रत?



आजचा लेख जरा कडक आहे. आंबे, पाऊस, जुने विद्यार्थी यांपैकी यात काहीच नाही. विषय संगणकाचा आहे, पण म्हणून पान बंद करून पळू नका. जालनिशी लिहिणाऱ्या मित्रांना तो लागू आहेच, आणि गावोगावच्या पतसंस्था, वाचनालये, देवस्थाने, गृहनिर्माण सोसायट्या यांच्या कमिट्यांवर बसलेल्या आमच्या नातेवाइकांना तर जास्तच लागू आहे. (आमच्या घराण्यात कोणत्याच कमिटीवर नसलेला माणूस शोधून काढावा लागेल. ह. घ्या.)

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. काम चालू असताना संगणकातल्या फायली नुसत्या उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या, तर त्याला बॅकअप म्हणू नये. आणि तेवढ्या भांडवलावर "आमचा रोजचा बॅकअप आहे" असे वार्षिक सभेत सांगणे ही सभासदांची दिशाभूल आहे, मग ती अजाणता का असेना.

"मास्तर, एवढे चिडायला काय झाले?" असे कोणी विचारील. काय झाले ते सांगतो.

माझ्या ओळखीतली एक लहान पतसंस्था आहे. नाव आणि गाव सांगत नाही, कारण तिथली माणसे वाईट नाहीत आणि असा प्रकार कुठेही घडू शकतो. तिथे रोज संध्याकाळी साडेपाचला एक कारकून पेन ड्राइव्ह लावून हिशेबाचा अख्खा फोल्डर कॉपी करीत असे. ही कॉपी पूर्ण व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागत. नेमक्या त्याच वेळेला बाजारातून पिग्मी एजंट परत येत, भरणा होई, नोंदी चालू असत. काउंटर बंद करून मग कॉपी घ्यावी असे कोणाला सुचले नाही, कारण "कॉम्प्युटर दोन्ही कामे एकदम करतो की".

एके दिवशी मासे विकणाऱ्या एका बाईंनी पिग्मीचे साठलेले अठरा हजार रुपये मुदत ठेवीत टाकले. व्यवहार पाच चाळीसला झाला. छापील ठेव पावती हातात घेऊन त्या घरी गेल्या. त्याच रात्री संगणकाची हार्ड डिस्क गेली. सकाळी तंत्रज्ञ आला, नवी डिस्क बसवली, आदल्या संध्याकाळची कॉपी त्यात भरली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पुढे काय झाले ते नीट वाचा, कारण लेखाचे सगळे मर्म त्यात आहे. कॉपी करताना संगणक एकेक फाइल ओळीने घेत जातो. मुदत ठेवींची फाइल त्याने पाच पस्तीसला उचलली. तेव्हा बाईंची ठेव झालेलीच नव्हती, म्हणून त्या फायलीत ती नाही. पिग्मी खात्यांची फाइल त्याने पाच पन्नासला उचलली. तोवर खाते रिकामे झाले होते, म्हणून त्या फायलीत शिल्लक शून्य. दोन्ही फायली आपापल्या जागी अगदी बिनचूक होत्या. पण त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर अठरा हजार रुपये जगातून नाहीसे झाले होते! क्रम उलटा असता, तर तेच पैसे दोन्हीकडे दिसले असते.

बाई पावती घेऊन आल्या तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, "कॉम्प्युटरमध्ये नाही." पावतीवर संशय, बाईंवर संशय, आणि पावती देणाऱ्या त्या तरुण मुलीवरही संशय. शेवटी पावती पुस्तकातली स्थळप्रत सापडली आणि प्रकरण मिटले. त्यात आठ-दहा दिवस गेले. बाईंचा धंदा बुडाला तो वेगळाच. आणि नंतर सभेत अध्यक्षांनी काय सांगितले म्हणता? "बॅकअप होता म्हणून संस्था वाचली." अहो, संस्था वाचली ती कागदाच्या स्थळप्रतीने! बॅकअपने तर एका गरीब बाईला खोटे ठरवले होते.

माझा राग आहे तो इथे. प्रत अजिबात नसती तर सगळ्यांनी मान्य केले असते की माहिती गेली, आता कागदांवरून पुन्हा उभी करू. चुकीची प्रत मात्र साक्षीदार होऊन उभी राहते, आणि संगणकाचा साक्षीदार म्हटल्यावर त्याच्यापुढे मासेवाल्या बाईचे कोण ऐकणार?

हा सगळा प्रकार मी माझ्या भाच्याला फोनवर सांगितला. तो बंगळूरला याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "मामा, यात नवीन काही नाही. आमच्या धंद्यातले हे फार जुने दुखणे आहे." मग त्याच्याकडून आणि महाजालावर वाचून जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो.

हल्ली मोबाइलवर लांबलचक पॅनोरमा फोटो काढतात. फोन हळूहळू फिरवायचा. माझ्या नातवाने गंमत करायची म्हणून डावीकडे उभे राहून फोटो सुरू झाल्यावर मागून पळत उजवीकडे धाव घेतली, आणि एका फोटोत दोनदा आला. तो फोटो कोणत्या क्षणाचा? कोणत्याच नाही. डावी बाजू एका क्षणाची, उजवी दुसऱ्या क्षणाची. चालू संगणकाची संथपणे घेतलेली कॉपी अशीच असते. वीस मिनिटांत एखादी फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली गेली तर ती प्रतीत दोनदा येईल किंवा मुळीच येणार नाही.

आणखी प्रकार आहेत. एकच फाइल मोठी असेल तर तिचा पुढचा भाग जुना आणि मागचा भाग नवा असा सांधा बसतो, आणि ती पुन्हा उघडतच नाही. काही कार्यक्रम आपली फाइल उघडी असताना तिला कुलूप लावतात. मग कॉपी करणारा ती वगळून पुढे जातो आणि कुठल्यातरी नोंदवहीत तसे लिहून ठेवतो, जी नोंदवही कोणीही वाचत नाही. म्हणजे रोज वापरात असलेली, सर्वांत महत्त्वाची फाइलच नेमकी मागे राहते! शिवाय आपण टंकलेला मजकूर लगेच डिस्कवर उतरतो असेही नाही. काही वेळ तो संगणकाच्या स्मरणात असतो, आणि डिस्कवरून काढलेल्या प्रतीत तो कसा येणार?

जाणकारांनी हे लपवून ठेवलेले नाही. १९९१ साली एलिझाबेथ झ्विकी या बाईंनी त्या काळातले बॅकअपचे कार्यक्रम घेऊन त्यांची कठोर परीक्षा केली होती. कॉपी चालू असताना फायली बदलणे हा त्या परीक्षेतला एक भाग होता, आणि कार्यक्रम त्यात अडखळले. २००१ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 'डंप' नावाच्या जुन्या कार्यक्रमावर विसंबू नका असे स्पष्ट सांगितले. हा कार्यक्रम चालू यंत्रणेला बगल देऊन थेट डिस्क वाचत असे, आणि स्मरणातला ताजा मजकूर त्याला दिसण्याची खात्री नव्हती. 'टार' नावाचा कार्यक्रम तर वाचता वाचता फाइल बदलली तर तशी सूचनाच देतो. सूचना मिळते, पण ऐकतो कोण?

आता मास्तरकीच्या अनुभवातले एक उदाहरण देतो, म्हणजे यावर तोड आहे हेही पटेल. आम्हा शिक्षकांना जनगणनेचे काम चुकत नाही. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांत मी उन्हातून घरोघर फिरलो. आता विचार करा, एवढ्या मोठ्या देशाची मोजणी एका दिवसात होत नाही, त्याला तीन आठवडे लागतात. तेवढ्यात माणसे जन्मतात, मरतात, मुंबईचा चाकरमानी गावी येतो आणि परत जातो. देश तर थांबवता येत नाही. मग काय करतात? एक क्षण ठरवतात. १९८१ आणि १९९१ला तो होता १ मार्चचा सूर्योदय. २००१ आणि २०११ला होती १ मार्चची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटे. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत करायची, बेघर माणसांची नोंद २८च्या रात्री करायची, आणि मग १ ते ५ मार्च पुन्हा घरोघर जाऊन विचारायचे: आम्ही येऊन गेल्यावर त्या क्षणापर्यंत कोणी जन्मले का, कोणी गेले का? तशी दुरुस्ती करायची. रात्री बारानंतर जन्मलेले बाळ धरायचे नाही. फेऱ्या कितीही दिवस चालल्या तरी कागदावर येणारा देश एकाच क्षणाचा असतो. येत्या जनगणनेसाठीही जून २०२५च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ची मध्यरात्र ठरवली आहे, आणि लडाखसारख्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ची.

चालत्या गोष्टीची प्रत घेण्याचे शास्त्र एवढेच आहे. प्रत कोणत्या क्षणाची, हे आधी ठरले पाहिजे. आणि तो क्षण सगळ्या फायलींसाठी एकच असला पाहिजे.

आता नेहमीच्या सबबी घेऊ.

पहिली सबब: "आमची सेवा थांबवता येत नाही." खरे सांगू? मला हसू येते. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण रोज रात्री पावणेबाराच्या सुमाराला थांबते आणि साडेबाराच्या आत पुन्हा सुरू होते. अख्ख्या देशाची रेल्वे रोज अर्धा तास थांबते, कोकणकन्येचे तिकीट काढणारे आम्ही मुकाट्याने वाट पाहतो, आणि चार कर्मचाऱ्यांच्या संस्थेला पंधरा मिनिटे काउंटर बंद ठेवता येत नाही? १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. आमच्या लहानपणी राम आळीतले वाणीसुद्धा मालाची मोजदाद करायची तर दुकानाची एक फळी लावून घेत. गिऱ्हाईक माल नेत असताना मोजदाद होत नाही, हे त्यांना कोणत्याही भाच्याने शिकवले नव्हते.

दुसरी सबब: "सॉफ्टवेअरवाल्याने ऑटो बॅकअप लावून दिला आहे." लावून दिला आहे, पण कसला? तो रोज फोल्डर उचलतो की हिशेबाच्या कार्यक्रमाला सांगून प्रत काढतो, हे कमिटीतल्या एकाला तरी ठाऊक आहे का? पडद्यावर हिरवी खूण आली म्हणून काम झाले असे समजायचे, तर परीक्षेला हजर राहिलेला प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण म्हणायला हवा.

तिसरी सबब नव्या जमान्यातली: "आमचे सगळे क्लाउडवर आपोआप जाते." जे चालू असताना आपोआप जाते त्यालाच तर हा धोका आहे. हिशेबाचा चालू फोल्डर अशा आपोआप जाणाऱ्या जागेत ठेवला की फायली पुढेमागे चढत राहतात. शिवाय इकडे चूक झाली की चूकही तिकडे जाते, इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. आरशात आपली प्रतिमा दिसते, पण आपण खोलीतून गेल्यावर आरसा आपल्याला सांभाळून ठेवत नाही.

चौथी सबब: "इतकी वर्षे असेच करतो, काही झाले नाही." हे खरे आहे, आणि धोका इथेच लपलेला आहे. चालू असताना घेतलेली प्रत दर वेळी बिघडते असे नाही. बहुतेक दिवशी ती चालून जाते. पण ती चांगली आहे की नाही हे प्रतीकडे पाहून कळत नाही. ज्या दिवशी गरज लागते त्याच दिवशी कळते, आणि तेव्हा विचारायला मूळ शिल्लक नसते.

न्यायाने बोलायचे तर सगळ्याच फायलींना हे लागू नाही. लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, स्कॅन केलेल्या जुन्या पत्रिका, यांत रोज बदल होत नाही. त्या कधीही उचलून ठेवा, काही बिघडणार नाही. नातेवाईक मंडळींनी घाबरून फोटोंची कॉपी काढणे बंद करू नये! माझा आक्षेप हिशेब, सभासदांची यादी, ग्रंथालयाची देवघेव, टपालाची साठवण अशा सतत हलत्या माहितीबद्दल आहे, जिथे एक नोंद दुसरीच्या आधाराने उभी असते.

मग करायचे काय? उपाय तीन आहेत आणि तिन्ही जुने आहेत.

सर्वांत साधा म्हणजे थांबणे. काउंटर बंद करा, सगळ्यांना कार्यक्रमातून बाहेर यायला सांगा, मग प्रत घ्या. लहान संस्थेला हा पुरेसा आहे आणि याला एक पैसाही लागत नाही.

दुसरा म्हणजे हिशेबाच्या कार्यक्रमाचीच स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरणे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा माहिती सांभाळणाऱ्या कार्यक्रमांत ही सोय असते. पैसे कुठून कुठे निघाले आहेत हे त्या कार्यक्रमाला ठाऊक असते, बाहेरून फोल्डर उचलणाऱ्याला नसते.

तिसरा उपाय क्षणचित्राचा. विंडोजमध्ये एक्सपीपासून 'शॅडो कॉपी' नावाची सोय आहे, लिनक्सवर एलव्हीएम आहे. यात संगणक सगळे लगेच कॉपी करीत बसत नाही. 'या क्षणी जे जसे आहे ते धरून ठेव' एवढे ठरवतो. त्यानंतर कोणी एखादे पान बदलायला गेले की जुने पान आधी बाजूला ठेवतो आणि मग नवे लिहू देतो. आपण त्या धरलेल्या क्षणाची प्रत सावकाश काढायची. आमच्या जनगणनेचीच ही धाकटी बहीण. पण इथेही एक मेख आहे. असे क्षणचित्र म्हणजे त्या क्षणी वीज गेली असती तर डिस्कवर जे राहिले असते ते. पिग्मीतून पैसे निघाले पण ठेवीत पोचायचे आहेत, असा तो क्षण असला तर? चांगले कार्यक्रम हातातला व्यवहार पुरा किंवा रद्द करायची तजवीज ठेवतात, जुने आणि स्वस्तातले ठेवतीलच असे नाही. म्हणून आपला कार्यक्रम कोणत्या जातीचा, हे विचारून घ्यायलाच हवे.

आणि तिन्ही उपायांच्या डोक्यावर एक नियम: प्रत परत भरून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या संगणकावर ती भरा, तेरीज काढा, ताळा जुळतो का पाहा. हे फक्त आपल्या गावठी संस्थांना सांगतो आहे असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकून चालू माहितीसाठाच पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तऱ्हा होत्या, आणि ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. एक तर कधीची गुपचूप बंद पडली होती आणि तसे कळवणारी टपालेही पोचत नव्हती. त्यांना तारले ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका क्षणचित्राने. मधल्या सहा तासांतले गेले ते गेलेच. पण त्यांनी हे सगळे जगापुढे उघड लिहिले, याबद्दल मी त्यांना मानतो. आपल्याकडे सभेत टाळ्या घेतात.

कोकणात राहणाऱ्यांनी तर हे दुप्पट मनावर घ्यायला हवे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस वीज नव्हती. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चे. २६ जुलै २००५च्या महापुरात त्याचे ग्रंथ भिजले, आणि २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत शिरले. आपल्याकडे मूळ नष्ट होणे ही पुस्तकातली कल्पना नाही, दर पावसाळ्याला दाराशी येणारी गोष्ट आहे. जिथे मूळ वाहून जाते तिथे प्रतच मूळ होते. मग ती कोणत्या क्षणाची आहे, आणि एकाच क्षणाची आहे का, हे विचारणे म्हणजे बाल की खाल काढणे नव्हे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात. चहा आणि वेफर्स येण्यापूर्वी उभे राहून चार प्रश्न विचारा. बॅकअप घेताना काम बंद असते का? बंद नसेल तर एक क्षण धरण्याची काय सोय आहे? बॅकअपची नोंदवही कोण वाचते? आणि शेवटची प्रत परत भरून ताळा कधी जुळवला होता, तारीख सांगा. चौथ्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर अहवालातले 'नियमित बॅकअप घेतला जातो' हे वाक्य खोडायला लावा आणि खोडल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा. वाईटपणा येईल, येऊ द्या. काउंटरच्या बाहेर खरी पावती घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला तुमच्यावाचून दुसरे कोण आहे?

असो. तुमच्या संस्थेत या प्रश्नांना काय उत्तरे मिळाली ते प्रतिक्रियेत जरूर कळवा, संस्थेचे नाव न लिहिता. संगणकातल्या जाणकारांना काही दुरुस्ती सुचवायची असेल तर तीही कळवा.

चू. भू. द्या. घ्या.